हिरकणीची गाय काय खायची?

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. हेडफोन घरी विसरला असाल तर लोकलमध्ये, एसटीत वाचून काढा. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.

हिरकणीची गोष्ट तुम्हाला नव्याने सांगायला नको. रायगडावर दूध घेऊन गेलेली गवळण, कोजागिरीचा दिवस, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. ही लोककथा आहे, तशीच ऐकायची. पण गडावर हिरकणी बुरूज आहे आणि पायथ्याला हिरकणीवाडी आहे, जिथून आता रोपवे वर जातो. तिच्यावर सिनेमा निघाला, रील्स तर रोज निघतात. आईबद्दल सगळे बोलतात, कड्याबद्दल बोलतात. पण जिच्या दुधापायी ती गडावर गेली, त्या गाईबद्दल कोणी शब्द काढत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आउटपुट दिसलं की इनपुट काय होतं हे विचारायची खोड लागलेली आहे. घागरभर दूध हे आउटपुट. मग त्या गाईच्या पोटात काय जात होतं? हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्याच्या मागे लागलं की महाड-पोलादपूरचा तीन-साडेतीनशे वर्षांचा इतिहास हाताला लागतो. त्यात मीठ आहे, हाडं आहेत, भाताचा कोंडा आहे, आणि 'कोकणातली गुरं खुरटी' हा आपण सगळ्यांनी कधीतरी ऐकलेला शेराही आहे.

आधी कोजागिरीचं बघू. आश्विन पौर्णिमा. पाऊस नुकताच ओसरलेला, डोंगरउतारावर गवत कमरेएवढं, अजून हिरवं. कोकणातल्या गाईचा वर्षातला हा सगळ्यात चांगला काळ. गाईला 'ब' गटातली जीवनसत्त्वं बाहेरून फारशी लागत नाहीत, तिच्या पोटातले जंतूच ती बनवतात. 'क' तिचं शरीर स्वतः बनवतं. 'ड' उन्हातून मिळतं. पण 'अ' आणि 'ई' यांच्यासाठी ती हिरव्या पाल्यावर अवलंबून असते. हिरव्या गवतातल्या कॅरोटिनपासून 'अ' बनतं आणि यकृतात साठतं. ही साठवण काही महिने पुरते. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, माघ-फाल्गुनापासून गोठ्यात नुसता भाताचा पेंढा, आणि पेंढ्यात कॅरोटिन जवळजवळ नसतंच. म्हणजे वैशाखात तीच गाय, तोच गोठा, पण यकृतातला साठा संपत आलेला. संध्याकाळी घरी येताना ठेचकाळणारं जनावर, अशक्त जन्मलेलं वासरू, ही त्याची लक्षणं. हिरकणी कोजागिरीऐवजी अक्षय्य तृतीयेला गडावर गेली असती तर घागर अर्धीच भरली असती, असा माझा आपला अंदाज.

नुसतं पोट भरणं आणि पोसणं यातला हा फरक जगाला कळला तोही गाईंमुळेच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला १९०७ मध्ये स्टीफन बॅबकॉक यांच्या आग्रहावरून १६ कालवडींचे चार गट केले. एका गटाला फक्त मक्याचं खाद्य, दुसऱ्याला फक्त गव्हाचं, तिसऱ्याला ओटचं, चौथ्याला तिन्हींचं मिश्रण. रासायनिक हिशेबाने चारही खाद्यं सारखीच होती, प्रथिनं तेवढीच, ऊर्जा तेवढीच. कागदावर फरक शून्य. चार वर्षांत मक्यावरच्या गाई तुकतुकीत, वासरं धडधाकट. गव्हावरच्या गाई आंधळ्या होत चाललेल्या, वासरं मेलेली किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेली. कागदावर न दिसणारं काहीतरी खाद्यात होतं. या प्रयोगात राबलेल्या एल्मर मॅकॉलम यांनी पुढे १९१३ मध्ये मार्गरिट डेव्हिस यांच्यासोबत आज आपण ज्याला 'अ' जीवनसत्त्व म्हणतो ते शोधलं. म्हणजे आपल्या मोबाइलवर ज्या मल्टिव्हिटॅमिनच्या जाहिराती येतात, त्यांची सुरुवात कालवडींच्या गोठ्यातून झाली.

आता परत रायगडाखाली. जीवनसत्त्वं ऋतूप्रमाणे येतात-जातात. खनिजांची गोष्ट मात्र जमिनीत आहे. महाड-पोलादपूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढं पाणी जमिनीतून गेलं की विरघळणारं सगळं सोबत नेतं. सोडियम जातं, कॅल्शियम जातं. मागे राहतं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणून माती लाल. आणि ही लाल, आम्लधर्मी माती फॉस्फरसला असं धरून ठेवते की गवताच्या मुळांना तो सुटत नाही. इथले लोक अशा उताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. तिच्यावर गवत येतं भरपूर, दिसायला समृद्ध. पण गाईच्या हिशेबाने त्यात मीठ कमी, फॉस्फरस कमी.

मीठ मात्र जवळच होतं. पेण, पनवेल, उरणकडची मिठागरं, आणि सावित्रीच्या खाडीतून दासगाव-महाडपर्यंत येणारी गलबतं. महाडहून बैलांच्या तांड्यांवर मीठ घाट चढून देशावर जायचं. शिवाजी महाराजांच्या कारभारात मीठ किती महत्त्वाचं होतं याचा पुरावा १६७१ च्या पत्रात आहे. कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना त्यांनी लिहिलं की बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातून येणाऱ्या स्वस्त मिठावर जकात एवढी वाढवा की आपलं मीठ मागे पडू नये. हे पत्र व्यापाराचं म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते बरोबरच आहे. पण मीठ ही कोकणात फक्त माणसाच्या ताटातली वस्तू नव्हती हेही लक्षात ठेवा.

दुसरं पत्र मला जास्त आवडतं. मे १६७३, म्हणजे राज्याभिषेकाच्या वर्षभर आधी. चिपळूणजवळ घोडदळ पावसाळ्यासाठी थांबलेलं. महाराज तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना सांगतात की दाणा-वैरण आत्ताच मनमानी उधळाल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिरून दाणा-गवत उचलाल. गवताच्या गंज्या पेटू नयेत म्हणून दिवे आणि उंदीर यांचीसुद्धा काळजी त्यात आहे. आपण या पत्रातलं रयतेवरचं प्रेम बघतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: पेंढ्याचा साठा संपण्याचं वेळापत्रक ज्याला पाठ आहे असा राज्यकर्ता.

इंग्रजी अमलात चित्र बदललं. एकाच हुकमाने नव्हे. चार बाजूंनी थोडं थोडं. आमच्या भाषेत सांगायचं तर मेमरी लीक. सिस्टीम चालू दिसते, आतून रिकामी होत जाते.

पहिली गळती मिठाची. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये झाला. पुढे तो उतरला, पण १९२३ मध्ये सव्वा रुपयावरून परत अडीच रुपये केला गेला, वर्षभरासाठी का होईना. माणूस मीठ सोडू शकत नाही, मग घरात कपात कुठे होणार? गोठ्यात. कराचे टीकाकार गुरांचा हा मुद्दा मांडत आले. १९३० चा मिठाचा सत्याग्रह आपण दांडी आणि शिरोडा म्हणून लक्षात ठेवतो. दावणीला बांधलेलं, भिंत चाटणारं जनावर त्या फोटोत येत नाही. कर गेला तो १९४७ मध्ये.

दुसरी गळती जंगलाची. आईनासारख्या झाडांची मुळं खोल जातात, वरच्या धुतलेल्या मातीत नाही ते खालून आणतात, आणि पाल्यात साठवतात. तो पाला गुरांना मिळायचा आणि राबालाही जायचा. राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी पाला, फांद्या, शेण पसरून ती जमीन भाजणं. वनखात्याने १८७८ च्या कायद्यानंतर राखीव जंगलं आखली आणि राब हा जंगलाचा शत्रू ठरवला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत (आपला रायगड १९८१ पर्यंत कुलाबाच होता) इतका असंतोष झाला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. याच जिल्ह्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. आपण ते स्वातंत्र्याच्या खात्यात लिहितो. लिहावंच. पण लोक कशासाठी जमले होते? लाकूड, गवत, चराई.

तिसरी गळती हाडांची, आणि इथे जरा थांबू या.

दक्षिण आफ्रिकेत मांसासाठी पाळलेली गुरं एका रोगाने लुळी पडून मरत. आर्नॉल्ड थायलर या पशुवैद्याने १९२० च्या आसपास त्याचा उलगडा केला. कुरणात फॉस्फरस कमी, म्हणून भुकेलेली गुरं मेलेल्या जनावरांची हाडं चघळत, आणि त्या कुजक्या हाडांतल्या जंतुविषाने मरत. रोगाचं मूळ विष नव्हतं, भूक होती. तीही पोटाची नाही, फॉस्फरसची. थायलर यांनी गुरांना निर्जंतुक हाडांचा चुरा दिला आणि मरणं थांबली, वर वजनंही वाढली.

कोकणातसुद्धा गुरं हाडं, चिंध्या, माती चघळताना दिसतात. पोलादपूरकडच्या माझ्या आजोळी याला 'गुराला चाळा लागला' म्हणायचे. चाळा नव्हे, ती मागणी असते. म्हशींमध्ये व्यायल्यानंतर काही दिवसांनी लघवी लाल होते आणि म्हैस झपाट्याने खंगते, त्यामागेही बहुतेकदा रक्तातला घसरलेला फॉस्फरस असतो. अशा वेळी अंगारा-झाडपाला करत न बसता डॉक्टरला फोन लावायचा.

तर हा फॉस्फरस कुठे असतो? सगळ्यात जास्त हाडांत. आणि भारतातली हाडं जात होती बोटीत भरून परदेशी, तिथल्या शेतांना खत म्हणून. १८८९ ते १८९१ दरम्यान भारत फिरलेले जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी या निर्यातीची चर्चा केली. १९२६ ते १९२८ च्या शाही कृषी आयोगापुढेही हा वाद आला. हाडं जातच राहिली.

पण ती हाडं गोळा होत कशी? गावातलं मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम महार समाजावर लादलेलं होतं. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपल्याला त्यातलं चवदार तळं आठवतं. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडायला सांगितलं. अभ्यासक गुरांचा इतिहास लिहितात तेव्हा दूध आणि नांगर लिहितात. जनावर मेल्यावर त्याचं काय होतं, कोणाच्या खांद्यावरून जातं, आणि त्यातून पैसा कोणाला मिळतो, हे पान वगळतात. त्या जनावराचा फॉस्फरस शेवटी परदेशातल्या शेतात पोचत होता. ज्यांनी ते ओढलं त्यांच्या वाट्याला विटाळ आला, आणि ज्या वरकस जमिनीतून तो आला तिला काहीच मिळालं नाही.

चौथी गळती घरातलीच, कोंड्याची. भात घरी कांडलं जायचं तेव्हा कोंडा घरात राहायचा आणि आंबोणात जायचा. पेंढ्यात फॉस्फरस फारच कमी, पाच किलोत जेमतेम पाचेक ग्रॅम. कोंड्यात त्याच्या दहापटीहून जास्त. माणसाला तो नीट पचत नाही, गाईच्या पोटातले जंतू तो सोडवून देतात. सोबत नाचणीचा पेंढा आणि नाचणीची पेज, म्हणजे कॅल्शियम. नांगरणीच्या बैलाला कुळीथ. कोणी तक्ता करून दिला नव्हता, पण भात-नाचणी-कुळथाच्या घरात हा मेळ आपोआप बसत होता. भात गिरणीत जायला लागलं, नाचणीची जागा कमी झाली, आणि दावणीत उरला पेंढा.

पेंढ्याची आणखी एक खोड आहे: त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरतं, आणि त्यातला काही भाग शेणावाटे निघून जातो. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी हे फार आधी हातात घेतलं होतं. बंगळुरूच्या सरकारी पशुसंवर्धन संस्थेत एफ. जे. वॉर्थ १९२० च्या दशकात भारतीय चाऱ्यावर काम करत होते. (१९२७ मध्ये गांधीजी त्याच संस्थेत गोपालन शिकायला गेले होते, हे मला वाचून गंमत वाटली.) पुढे इज्जतनगरला तलपात्रा, रे आणि सेन यांनी ऑक्झलेटयुक्त चाऱ्यावर जनावरांना कॅल्शियम कितपत लागू होतं यावरचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर सरकारी लक्ष मुख्यतः साथींवर होतं. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं, पुण्यातली सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा १८८९ ची. पुण्याची ती प्रयोगशाळा गुरांच्या साथींसाठी उभी राहिली, आणि त्यात सगळ्यात मोठं संकट बुळकांड्याचं. चार वर्षांत ती मुक्तेश्वरला हलली. बुळकांड्या एका आठवड्यात गोठा रिकामा करायचा, त्यामुळे प्रयोगशाळा मिळाली हे ठीकच. फॉस्फरसची कमतरता पिढ्या घेते, त्यामुळे तिला नाव मिळालं: 'खुरटी जात'.

हा शेरा मला पटत नाही, आणि का ते आकड्यात सांगतो. गाईच्या एक लिटर दुधात साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि एक ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. दहा लिटर देणाऱ्या संकरित गाईच्या अंगातून रोज नुसत्या दुधावाटे १२ ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं, आणि खाल्लेल्यातलं सगळं अंगी लागत नसल्यामुळे खाद्यात त्याहून बरंच जास्त लागतं. कोकणातली छोटी गाय, जेमतेम दोन-अडीचशे किलोची, दिवसाला दोनेक लिटर देते. तिचं बजेट या जमिनीला परवडणारं आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने काही वर्षांपूर्वी तिची 'कोकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याआधी सरकारी कागदात ती 'गावठी', म्हणजे बिनजातीची.

मोठ्या गाई आणू नका असं मी म्हणत नाही. उरुळीकांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी बाएफ सुरू केलं आणि संकरित गाईंनी हजारो घरांत पैसा आला, हे खरंच आहे. पण पेंढा-गवताच्या दावणीला दहा लिटरची गाय बांधायची आणि ती उलटत राहिली, माजावर आली नाही, की इंजिन खराब म्हणायचं, याला काय अर्थ आहे? तुम्ही टाकीत काय भरताय?

आता दुकानातल्या पिशवीकडे येऊ. खनिज मिश्रण. भारतीय मानक ब्युरोचं त्यासाठी आयएस १६६४ हे मानक आहे. चांगल्या मिश्रणात कॅल्शियम २० टक्के, फॉस्फरस १२ टक्के, आणि चिमूटभर जस्त, तांबं, आयोडीन, कोबाल्ट. कोबाल्ट कशाला? ऑस्ट्रेलियात हिरव्यागार कुरणात गुरं-मेंढ्या वाळून मरत होत्या, १९३५ मध्ये कळलं की कोबाल्ट नाही म्हणून. का, ते १९४८ मध्ये बी-१२ हाती लागल्यावर उलगडलं: त्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. पोटातले जंतू बी-१२ बनवतात खरं, पण कच्चा माल नसेल तर तेही काय करणार. फॉस्फरस आता हाडांतून नाही, खडकातून येतो. ब्रिटनमध्ये वेड्या गाईच्या रोगाने हाहाकार केला, १९८८ मध्ये तिथे गुरांना मांस-हाडांचा चुरा घालण्यावर बंदी आली, आणि थायलरचं औषध जगभर संशयाखाली गेलं. खडकातल्या फॉस्फेटमध्ये फ्लोरिन असतं, ते जास्त झालं तर दात-हाडं जातात, म्हणून मानकात त्याला वरची मर्यादा आहे. मोठ्या गाईला रोज ३० ते ५० ग्रॅम, लहान चणीच्या गाईला त्याच्या खालच्या टोकाला.

बाटलीतलं नुसतं कॅल्शियम ओतण्याची फॅशन मात्र मला खटकते. टीव्हीवर जाहिरात, दुकानात पाच लिटरचा कॅन. ज्या मातीत अडचण फॉस्फरसची आहे तिथे कॅल्शियम वाढवत नेलं तर दोघांचं प्रमाण आणखी बिघडतं. साधारण दोनास एक, असं ते हवं. जास्त कॅल्शियमने जस्त शोषलं जात नाही, लाल मातीतल्या जादा लोहाने तांबं. जगातले बरेच तक्ते अर्ध्या टनाच्या, मांसासाठी किंवा भरपूर दुधासाठी वाढवलेल्या परदेशी जनावरांवर बेतलेले. आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे आणि गाय दोनशे किलोची, तेव्हा तो तक्ता जसाच्या तसा कॉपी-पेस्ट करून चालत नाही. म्हणूनच राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने आणि बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने जिल्ह्याजिल्ह्याच्या चाऱ्यातली खनिजं मोजून त्या भागापुरतं मिश्रण बनवण्याचा मार्ग धरला. जिथे जे कमी तेच घाला, जे आधीच आहे ते पिशवीत भरून विकू नका.

तुमच्या गावी गोठा असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात हे विचारा: आमच्या भागासाठीचं मिश्रण मिळतं का, आणि नसेल तर पिशवीवर फॉस्फरस किती लिहिलाय. कोंडा विकत असाल तर थोडा घरी ठेवा. उन्हाळ्यात बांधावरच्या शेवरीचा, हादग्याचा, पांगाऱ्याचा हिरवा पाला मूठभर जरी रोज पडला तरी 'अ' चा प्रश्न बराच सुटतो. मिठाचा खडा दावणीला टांगा, तो आता स्वस्त आहे.

रायगडाच्या वाटेवर आणि वरच्या धनगर वस्तीत अजून ताक-दही मिळतं. पुढच्या खेपेला ग्लास हातात घेतलात की घरच्या गाईचं आहे का हे विचारा, आणि असेल तर ती उन्हाळ्यात काय खाते तेही. उत्तर मला रेकॉर्ड करून पाठवा. पुढचा भाग महाडच्या बंदरावर आहे; मिठाचे तांडे घाट कसे चढायचे ते त्यात.